सागरी सुरक्षेचं सामान: कागदावर पूर्ण गुण, कोकणच्या पाण्यात किती?

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या धक्क्याला लागलेल्या एखाद्या मोठ्या ट्रॉलरच्या केबिनमध्ये डोकावून बघा. वायरलेस सेट, जीपीएस, फिशफाइंडर हे नाखव्याने, म्हणजे बोटीच्या मालकाने, स्वतःच्या खिशातून घेतलेलं सामान. शेजारी सरकारने दिलेलं किंवा सक्तीचं केलेलं सामान: ट्रान्सपॉण्डर (उपग्रहावरून संपर्क ठेवणारं यंत्र), मोठ्या बोटीवर एआयएसचा (बोटीची ओळख आणि जागा आपोआप सांगणाऱ्या यंत्रणेचा) डबा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली खलाशांची ओळखपत्रं, दारावर 1093 आणि 1554 हे खबर आणि मदतीचे फोन नंबर. बाहेर बोटीच्या अंगावर ठरवून दिलेला रंग आणि नोंदणी क्रमांक. पहिल्या गटातलं काही बिघडलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला जातं. दुसऱ्या गटातलं बिघडलं तर हंगाम सरेपर्यंत कुणी बघत नाही. हे परीक्षण दुसऱ्या गटाचं, आणि ते सामान ज्या विचारातून आलं त्या विचाराचंही.

कारण यातल्या बहुतेक वस्तूंचं मूळ कुठल्या ना कुठल्या अहवालात सापडतं. जानेवारी-फेब्रुवारी 1993 मध्ये श्रीवर्धन तालुक्यात दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटकं आणि हत्यारं उतरली. 12 मार्चला मुंबईत स्फोट झाले, 257 माणसं गेली. त्याच वर्षी महाराष्ट्र आणि गुजरातच्या पाण्यात 'ऑपरेशन स्वान' सुरू झालं: नौदल बाहेर, तटरक्षक दल मधे, पोलीस आणि कस्टम किनाऱ्यालगत. पुढे कारगिल झालं, त्याच्या आढाव्यासाठी सुब्रह्मण्यम समिती बसली, त्यातून मंत्रिगट आणि त्याची चार कृतिदलं निघाली. सीमा व्यवस्थापनाच्या कृतिदलाचे अध्यक्ष होते माधव गोडबोले. मंत्रिगटाचा अहवाल 2001 मध्ये आला आणि किनाऱ्यासाठी वेगळे सागरी पोलीस हवेत ही गोष्ट राष्ट्रीय धोरणाच्या कागदावर चढली. किनारा सुरक्षा योजनेचा पहिला टप्पा मंजूर झाला 2005 मध्ये: 73 पोलीस ठाणी, 97 तपासणी नाके, 58 चौक्या, 204 बोटी. त्या बोटींचा पुरवठा 2009 ते 2011 या काळात झाला. मधल्या काळात, नोव्हेंबर 2008 मध्ये, मुंबईवर हल्ला करणाऱ्यांना घेऊन 'कुबेर' ही बोट येऊन गेली होती.

शिफारस ते बोट हे अंतर आठ ते दहा वर्षांचं. संशोधन चुकलं म्हणावं तर 2001 च्या अहवालात दुखण्यावर बोट बरोबर ठेवलेलं होतं. औषध दुकानात यायला उशीर झाला. पण दुसरीही एक गोष्ट झाली, ती कमी बोलली जाते. औषध आलं तेव्हा ते निम्म्याच दुखण्याचं होतं.

दोन घटना, एकच प्रश्न

शेखाडीला माल उतरला तेव्हा किनाऱ्यावर रडार नव्हतं हे खरं. पण माल उतरला, ट्रकमध्ये चढला आणि नाके ओलांडून गेला, तो माणसांच्या मदतीने. कस्टम आणि पोलिसांतले काही जण पुढे न्यायालयात दोषी ठरले. 2008 मध्ये 'कुबेर' ही पोरबंदरची रीतसर नोंदणी असलेली मासेमारी बोट होती. क्रमांक खरा, कागद खरे. आतली माणसं बदललेली होती. मुंबईजवळ दहा जण रबरी बोटीत उतरले आणि बधवार पार्कच्या मच्छीमार वस्तीत किनाऱ्याला लागले, तिथल्या लोकांनी त्यांना हटकलंही होतं.

दोन्ही वेळा खरा प्रश्न होता तो 'बोटीत कोण आहे आणि किनाऱ्यावर त्याला कोण भेटणार आहे' हा. सामान जे आलं ते 'ही बोट कोणाची' या प्रश्नाचं उत्तर देणारं. आजचा ट्रान्सपॉण्डर त्या दिवशी 'कुबेर'वर असता तर पडद्यावर ती ओळखीची, नोंदणीकृत बोट म्हणूनच दिसली असती. खाली प्रत्येक वस्तूला गुण देताना हा मापदंड लावला आहे.

ट्रान्सपॉण्डर: जीव वाचवायला उत्तम, सुरक्षेला मध्यम

20 मीटरपेक्षा लहान बोटींसाठी इस्रोने तयार केलेलं हे दुहेरी संपर्काचं यंत्र. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला वाढवण बंदराच्या भूमिपूजनाच्या कार्यक्रमात त्याच्या देशभरातल्या वाटपाची सुरुवात झाली. 13 किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून 1 लाख बोटी, खर्च सुमारे 360 कोटी, मच्छीमाराला फुकट. मोबाइलचं नेटवर्क संपतं तिथून याचं काम सुरू होतं. उपग्रहावरून संदेश जातो आणि येतोही, स्थानिक भाषेत, ब्लूटूथने जोडलेल्या मोबाइलच्या ॲपवर. हवामानाचा इशारा येतो, सागरी सीमेजवळ गेलात तर सूचना येते, आणि संकटाचं बटण आहे.

याआधीचा डॅट, म्हणजे फक्त संकटाचा इशारा पाठवणारा डबा, एकमार्गी होता. बटण दाबलं, पण कुणी ऐकलं का हे कळायची सोय नव्हती. वादळात हेलकावणाऱ्या बोटीवर उत्तर न मिळणारं बटण आणि नवसाचा नारळ यात फार फरक राहत नाही. डॅटच्या दुसऱ्या पिढीत पोच मिळायला लागली, ट्रान्सपॉण्डरमध्ये बोलणं दोन्ही बाजूंनी झालं. ही सुधारणा कोकणाने स्वतः पाहिलेल्या एका संकटाशी जोडून बघावी. डिसेंबर 2017 मध्ये ओखी वादळात केरळ आणि तमिळनाडूच्या 68 बोटी, 952 मच्छीमारांसह, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला आसऱ्याला आल्या. इकडे ते सुखरूप होते आणि तिकडे घरच्यांना पत्ता नव्हता. दुहेरी संदेशाचं यंत्र लागतं ते नेमकं अशा वेळी.

बसवताना होणाऱ्या चुका सगळीकडे सारख्याच. अँटेनाला उघडं आकाश लागतं. केबिनच्या छपराखाली, ताडपत्रीखाली किंवा डोलकाठीला अगदी चिकटवून लावली तर संदेश अडखळतो. सर्वांत आधी जाते ती जोडणी: खारं पाणी कनेक्टरच्या आत शिरतं, हिरवा थर धरतो आणि यंत्र चालू दिसूनही संपर्क तुटतो. कनेक्टरवर आधी पाणी न शिरणारी रबरी टेप घट्ट गुंडाळायची, वरून साधी काळी टेप, आणि वायरला कनेक्टरच्या खाली एक वळसा सोडायचा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी वळशाच्या टोकाला गळून पडतं. विजेची जोडणी इंजिनाच्या स्टार्टरच्या वायरवर मारू नये, इंजिन सुरू होताना व्होल्टेज खाली येतं आणि यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होतं. ॲप तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य खलाशाच्या, मोबाइलवर असतं आणि तांडेल हंगामाच्या मध्यावर दुसऱ्या बोटीवर गेला की नव्या माणसाच्या मोबाइलवर ते नसतं. ही सगळ्यांत साधी चूक, आणि सगळ्यांत जास्त होणारी.

बंद ठेवण्याची कारणं वेगळी, त्यांच्याकडे धोरण लिहिणाऱ्यांनी डोळेझाक करू नये. राज्यात पर्ससीनला, म्हणजे माशांचा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याला, परवानगी 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर एवढीच, तीही ठरवून दिलेल्या क्षेत्रात. एलईडीच्या उजेडातल्या मासेमारीला केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली. जो नियम मोडतो त्याला स्वतःची जागा दाखवणारं यंत्र नको असतं. जो मोडत नाही त्यालाही आपला मासा कुठे लागला हे चार लोकांना कळायला नको असतं. एकाच डब्याला सुरक्षा, बचाव आणि दंड अशी तीन कामं दिली की तो डबा बंद राहतो. जानेवारी 2025 पासून मत्स्यव्यवसाय विभागाने बेकायदा मासेमारीवर ड्रोन सोडले, तेव्हा दंडाचं काम ड्रोनकडे आणि बचावाचं ट्रान्सपॉण्डरकडे अशी विभागणी जाहीरपणे करता आली असती. 5 पैकी 4, पण ते बचावासाठी. दहशतवादविरोधी साधन म्हणून 2.

एआयएस: मोठ्यांचं यंत्र

20 मीटरच्या वरच्या बोटींना सक्तीचं. कोकणातल्या बहुतेक बोटी त्यापेक्षा लहान, त्यामुळे इथे त्याची पोच मर्यादित. लहान व्यापारी आणि मासेमारी बोटींवर बसतो तो ब वर्गाचा संच. बोट 2 नॉटपेक्षा जास्त वेगाने चालत असेल तर साधारण दर 30 सेकंदांनी तो आपली जागा, दिशा आणि वेग व्हीएचएफ रेडिओवर सांगतो. यात 9 अंकी ओळख क्रमांक भरलेला असतो, भारतीय बोटींचा 419 ने सुरू होतो. बोट विकली की हा क्रमांक नव्या मालकाच्या नावावर चढवायचा राहून जातो. मग पडद्यावर बोट रायगडची आणि मालक भलत्याच जिल्ह्यातला असा घोळ होतो, आणि संशयावरून बोलावलं जातं ते ज्याने बोट दोन वर्षांपूर्वी विकली त्याला.

शिवाय हे यंत्र प्रामाणिक माणसाची हजेरी घेतं. ज्याला लपायचंय तो गप्प राहतो, किंवा दुसऱ्याचा क्रमांक लावतो. जुलै 2025 मध्ये कोर्लई-रेवदंड्याच्या समोर पडद्यावर पाकिस्तानी बोट दिसली म्हणून रायगडचे पोलीस, तटरक्षक दल, सगळे धावले. शोधाअंती संशय आला तो मासेमारीच्या जाळ्याला बांधलेल्या, वाहत आलेल्या बोयावरच्या यंत्राचा. धावले हे बरोबरच केलं. पण पडद्यावरचा ठिपका आणि पाण्यातली बोट यातलं अंतर या एका प्रसंगात नीट कळतं. 5 पैकी 2.

रडार: उंच दीपगृह, बुटकी होडी

पहिल्या टप्प्यात देशभर 46 ठिकाणी, बहुतांश दीपगृहांवर, किनारी रडार आणि कॅमेरे बसले. ही सगळी माहिती गुरुग्रामच्या माहिती केंद्रात जाते, ते 2014 पासून चालू आहे आणि नौदल-तटरक्षक दलाची 51 ठाणी त्याला जोडलेली आहेत. व्यवस्था चांगली. गणित मात्र समजून घ्यावं. रडारच्या अँटेनाची उंची समुद्रापासून 50 मीटर आणि समोरच्या बोटीची 2 मीटर धरली, तर दोघांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं (7.07 आणि 1.41) मिळवून 2.2 ने गुणायचं. उत्तर साधारण 18 ते 19 सागरी मैल. ही झाली पृथ्वीच्या गोलाईने घातलेली मर्यादा. लाकडी किंवा फायबरची छोटी होडी रडारला प्रतिध्वनीच कमी देते, आणि लाटा उसळत असल्या की ती लाटांच्या गोंगाटात हरवते. रबरी बोट तर जवळजवळ हवेची पिशवी. त्यात आपला किनारा सरळ नाही. डोंगराचं एक नाक पुढे आलं की त्यापलीकडची खाडी रडारच्या सावलीत.

याची दोन परीक्षणं समुद्रानेच घेतली. 2011 मध्ये 'पवित' हे जहाज ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलं आणि ते तरंगत तरंगत, सुरक्षेचे सगळे थर ओलांडून, 31 जुलैला थेट जुहूच्या वाळूवर येऊन रुतलं. 2022 मध्ये मस्कतहून युरोपकडे निघालेल्या एका नौकेचं इंजिन बिघडलं, 26 जूनला माणसांना वाचवण्यात आलं, नौका तशीच सोडली. 18 ऑगस्टला ती हरिहरेश्वरला लागली, आत तीन एके-47 रायफली. तपासात दहशतवादाचा संबंध दिसला नाही, तसं विधानसभेत सांगण्यात आलं. पण 16 मीटरची नौका सात आठवड्यांहून जास्त काळ समुद्रात फिरून आली, तीही श्रीवर्धन तालुक्यात, जिथे 1993 मध्ये माल उतरला होता. दोन्ही तारखा बघा: जुलैअखेर आणि ऑगस्टमध्य. पावसाळी बंदी 1 जून ते 31 जुलै. या दोन महिन्यांत आपल्या बोटी पाण्यात नसतात आणि ऑगस्टातही समुद्र शांत नसतो. लाटांचा गोंगाट सर्वाधिक, माणसांचे डोळे सर्वांत कमी. अहवालांतले तक्ते वर्षाचे असतात, त्यात हा पाऊस दिसत नाही. 5 पैकी 3.

1093: सर्वांत स्वस्त, सर्वांत जास्त उपयोगी, आणि सर्वांत कमी समजावलेलं

1093 पोलिसांचा सागरी सुरक्षेचा, 1554 तटरक्षक दलाचा. बुडणारी बोट, जखमी खलाशी यासाठी 1554. संशयास्पद बोट, अनोळखी माणसं, वाहून आलेल्या पिशव्या यासाठी 1093. ऑगस्ट 2023 मध्ये दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर, कर्दे ते केळशीपर्यंत, चरसची पाकिटं वाहून आली, एकूण वजन दोनशे किलोच्या वर. अशी पिशवी दिसली तर हात लावायचा नाही, उघडायची नाही. भरतीच्या रेषेपासून किती अंतरावर आहे ते बघून, भरतीच्या वेळेसह कळवायचं, म्हणजे आणखी माल कुठे लागेल याचा अंदाज बांधता येतो.

फोनवर सांगायचं काय, हे स्टिकरवर लिहिलेलं नसतं. हा क्रम उपयोगी पडतो: आधी जागा, मग वेळ, मग बोटीचा रंग आणि जे वाचता आलं ते अक्षर-अंक, मग दिशा, मग दिसलेली माणसं, आणि शेवटी स्वतःचं नाव. कारण फोन तुटला तर जागा तरी पोचलेली असते. नोंदणी क्रमांक पूर्ण वाचता येत नसेल तर शेवटचे अंक सांगा, पुढचं 'आयएनडी-एमएच' सगळ्यांनाच माहीत आहे. जीपीएसवरची जागा सांगताना एक चूक हमखास होते. पडद्यावर 17 अंश 48.50 मिनिटं असतं, माणूस वाचतो '17 अंश, 48 मिनिटं, 50 सेकंद'. .50 मिनिटं म्हणजे 30 सेकंद. 20 सेकंदांची ही चूक उत्तर-दक्षिण सुमारे 600 मीटरची होते. अंधारात एवढ्यात बोट चुकते. म्हणून 'अठ्ठेचाळीस पॉइंट पाच शून्य' असंच वाचावं. जीपीएस नसेल तर दीपगृह किंवा मंदिराचा कळस कुठल्या दिशेला आणि पाणी किती वाव खोल, एवढंही तटरक्षकाला पुरतं.

मर्यादा नेटवर्कची. किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की मोबाइल मुका होतो, मग व्हीएचएफचं चॅनल 16. हातातला संच दोन्हीकडे 2 मीटर उंचीवर धरला तर सहा मैलांच्या आसपास पोचतो, त्यापलीकडे मधल्या बोटीकडून निरोप पुढे द्यावा लागतो. चॅनल 16 वर गप्पा मारणारे बहाद्दर सगळ्या बंदरांत आहेत, त्यांना आवरायचं काम मच्छीमार सोसायटीचं.

आता खरा अडथळा. धोरणाच्या कागदात मच्छीमार म्हणजे 'डोळे आणि कान'. या डोळ्या-कानाने फोन केला तर त्याला जबाबासाठी थांबावं लागतं, बोट धक्क्याला अडकते, खणातला बर्फ वितळतो आणि मासळीचा भाव पडतो. तोच दिवस गप्प राहणाऱ्याचा सुरळीत जातो. शिवाय संशयास्पद बोट दिसली तेव्हा स्वतःच बंदी असलेल्या पट्ट्यात असलेला माणूस फोन कसा करेल? खबर देणाऱ्याचा जबाब समुद्रावरच किंवा संध्याकाळी घरी घ्यायचा, आणि त्या फेरीतली मासेमारीची चूक त्या खबरीपुरती बघायची नाही, असा साधा लेखी नियम या नंबराची किंमत दुप्पट करील. 5 पैकी 4.

पोलिसांच्या बोटी

12 टन आणि 5 टन अशा दोन आकारांत आल्या. वेगवान आहेत. त्यांचं दुखणं डिझेल, सुटे भाग आणि चालवणारा माणूस या तिघांत. नेहमीच्या पोलीस भरतीतून आलेला शिपाई समुद्रात उलट्या करत ड्यूटी करतो आणि शिकतो तोवर त्याची बदली डोंगरातल्या ठाण्याला होते. किनारी पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी ओख्याला राष्ट्रीय अकादमी 2018 पासून आहे, पण शिकून आलेला माणूस त्याच किनाऱ्यावर राहील याची हमी कुठे? कोकणच्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात आणि ओहोटीला, त्यातही उधाणाच्या ओहोटीला, पाणी इतकं उतरतं की बोट आतच अडकते. उधाण कधी आणि भांग (कमी भरती-ओहोटीचे दिवस) कधी हे इथल्या लहान पोराला ठाऊक असतं, गस्तीच्या तक्त्यात त्याची नोंद नसते. म्हणूनच भाड्याच्या ट्रॉलरवरून गस्त घालायचा मार्ग पुढे आला. ट्रॉलर हळू, पण तांडेल स्थानिक, आणि त्याला पाणी कळतं. आमच्या मते पैसे तिथे घालावेत. 5 पैकी 2.

ओळखपत्र आणि खलाशी: सगळ्यांत दुर्लक्षित

'कुबेर'चा धडा इथे आहे आणि काम सगळ्यांत कच्चं इथेच आहे. रत्नागिरी-रायगडच्या बोटींवर आज नेपाळी खलाशी मोठ्या संख्येने आहेत, कर्नाटक आणि उत्तर प्रदेशातले आहेत. ऑगस्टमध्ये हंगाम सुरू होताना माणसं येतात, पगारावरून भांडण झालं की दुसऱ्या बोटीवर जातात, दिवाळीला घरी जाऊन कुणी परत येतो, कुणी येत नाही. बायोमेट्रिक कार्ड आणि नंतर क्यूआर असलेलं आधार कार्ड ही सोय गावच्या मच्छीमाराला धरून आखलेली. नेपाळी खलाशाकडे आधार नसतं, आणि बोटीवर खलाशांची यादी असते ती बऱ्याचदा गेल्या महिन्यातली.

मग करायचं काय? यादी दर फेरीला, निघताना, सोसायटीकडे. नाव, कार्डाचा किंवा नेपाळी नागरिकत्वाच्या कागदाचा क्रमांक, गाव, आणि फोटो. नाखव्याच्या मोबाइलवर सगळ्यांचा एकत्र फोटो, बोटीच्या क्रमांकासमोर उभं राहून, तारखेसह. परत आल्यावर डोकी मोजायची. हा सगळा उद्योग पाच मिनिटांचा.

धक्क्यावर तपासणी आणि ये-जा करणाऱ्या बोटींना टोकन हा उपाय अहवालात सोपा वाटतो. हर्णैला मात्र बोटी वर्षानुवर्षं पाण्यात नांगरून उभ्या राहतात, मासळी छोट्या होडीतून आणि बैलगाडीतून वाळूवर येते, आणि संध्याकाळचा लिलाव तिथेच ओल्या वाळूत भरतो. पापलेटच्या ढिगाभोवती पन्नास माणसं, गाड्या, बैल, टोपल्या. इथे नाका कुठे टाकणार आणि टोकन कुणाला देणार? तिथे कामी येतो तो लिलाव पुकारणारा, ज्याला प्रत्येक बोटीचा प्रत्येक चेहरा माहीत असतो. गावोगावची सागर रक्षक दलं याच ओळखीवर उभी आहेत आणि त्यांच्यावर होणारा खर्च रडारच्या तुलनेत चिल्लर आहे. ओळखपत्राला 5 पैकी 1, लिलाव पुकारणाऱ्याला 5.

ज्या संशोधनावर हे उभं आहे त्याचं काय

दिल्लीची मनोहर पर्रीकर संरक्षण अभ्यास संस्था किनारा सुरक्षेवर वर्षानुवर्षं लिहीत आली आहे, आणि यंत्रणांमधला समन्वय, सागरी पोलिसांची तयारी, मच्छीमारांचा विश्वास हे मुद्दे अभ्यासकांनी मांडलेले आहेत. रँड या अमेरिकी संस्थेने 2008 मध्ये 1968 ते 2006 मधल्या 648 दहशतवादी गटांचा हिशेब मांडला. त्यांच्या मांडणीत संपलेल्या गटांपैकी 40 टक्के पोलीस आणि गुप्तवार्तेच्या कामामुळे संपले, लष्करी बळाने 7 टक्के. म्हणजे माणसाकडून येणारी माहिती महत्त्वाची, हे संशोधनाला ठाऊक आहे.

मधे गळती होते ती शिफारशीची निविदा होताना. 'मच्छीमारांचा विश्वास वाढवावा' याची निविदा काढता येत नाही. 'रडार बसवावे' याची येते. म्हणून अहवालातल्या दहा शिफारशींतल्या खरेदी करता येणाऱ्या चार पुढे जातात, आणि वर्षअखेरीच्या अहवालात त्याच चारांचे आकडे छापून येतात: ठाणी इतकी, बोटी इतक्या. 2011 पासूनच्या दुसऱ्या टप्प्यातही भाषा तीच, 131 ठाणी, 60 जेट्टी. बोट महिन्यातले किती दिवस चालू होती, किती तास पाण्यात होती, 1093 वर फोन आल्यापासून बोट खाडीबाहेर पडायला किती मिनिटं लागली, पावसाळ्यात किती वेळा निघालीच नाही, हे रकाने हवेत. वर्षातून दोनदा होणाऱ्या 'सागर कवच' सरावात किंवा 2019 पासून होणाऱ्या 'सी व्हिजिल'मध्ये घुसखोरांची भूमिका करणाऱ्या लाल गटाचे किती जण पकडले गेले याची बातमी येते. जे निसटले ते कुठल्या खाडीतून निसटले, याचा धडा गावापर्यंत पोचत नाही. गुप्ततेचं कारण समजण्यासारखं आहे, पण सागर रक्षक दलाच्या पोरांना तरी सांगा.

एकंदर सेवेला 5 पैकी अडीच. ट्रान्सपॉण्डर घ्यावाच, फुकट आहे आणि वादळात उपयोगी आहे. 31 जुलैच्या आत, बोट किनाऱ्यावर ओढलेली असतानाच, कनेक्टर उघडून साफ करा, रंग आणि क्रमांक नव्याने काढा, एआयएसचा क्रमांक कुणाच्या नावावर आहे ते तपासा, नव्या तांडेलाच्या मोबाइलवर ॲप टाकून घ्या. आणि खलाशी उतरले की पहिल्या दिवशीच बोटीसमोर उभं करून त्यांचा फोटो काढा.